डॉक्टरांची फियाट आणि दोन नवे बंपर

हे प्रकरण आमच्या रत्नागिरीतल्या गॅरेजमध्ये घडलं. गाडीच्या मालकीणबाईंना विचारून लिहितो आहे. त्यांचं नाव, गाव आणि ज्यांच्याकडून माल घेतला त्यांची नावं दिलेली नाहीत. मापं, कामांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशा झाल्या तशाच लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

गाडी प्रीमियर पद्मिनी, पहिली नोंदणी १९७७ ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. कागदावर पद्मिनी असली तरी आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणतात. ही गाडी किनाऱ्यालगतच्या एका गावातल्या डॉक्टरांची. रात्री-अपरात्री वाडीवाडीवर बाळंतपणाला जायला तीच असायची, त्यामुळे पंचक्रोशीतली म्हातारी माणसं आजही तिला ओळखतात. डॉक्टर गेले, गाडी बरीच वर्षं पडवीलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. त्यांची मुलगी मुंबईत बँकेतून निवृत्त होऊन गावी परतली आणि तिने गाडी पुन्हा चालती करायचं मनावर घेतलं. पुढे तिचा उल्लेख ताई असाच करतो, कारण गॅरेजमध्ये सगळे तिला तेच म्हणत.

इंजिन, ब्रेक, वायरिंग ही कामं आधीच झाली होती. मार्च २०२४ मध्ये ताई बंपरसाठी आल्या. दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात होत्या. एक, गणपतीला मुंबई-पुण्याचं सगळं घर गावी जमतं, तेव्हा गाडी दारात हवी. दुसरी जरा लांबची. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरबदल न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. ताईंच्या गाडीला २०२७ मध्ये ५० पुरी होतात. म्हणून बंपर नवे घातले तरी ते मूळच्यासारखेच दिसले पाहिजेत, ही अट पहिल्याच दिवशी ठरली.

अडचण

समोरून बघणाऱ्याला जुने बंपर फार वाईट वाटले नसते. वरच्या भागावर क्रोम होतं, मधूनमधून तपकिरी टिपके. खाली वाकून मागच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला. पुढच्या बंपरची खालची दुमड जवळजवळ हातभर लांबीत पापडासारखी झाली होती.

इथे क्रोमचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तो चकाकी देतो आणि ओरखडा अडवतो. लोखंडाचं खरं रक्षण त्याच्याखालचा निकेलचा थर करतो. त्या निकेलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, की खारट ओल आत शिरते, आणि लोखंड व निकेल यांच्या जोडीत झिजायचं काम लोखंडाच्या वाट्याला येतं. निकेल शाबूत राहतं, त्याच्याखाली लोखंड पोखरत जातं. वरून टिपका दिसेपर्यंत आत खड्डा झालेला असतो. बंपरच्या मागच्या बाजूला तर मुलामा जेमतेमच चढतो. चाकांनी उडवलेला चिखल तिथेच साठतो आणि समुद्र दोन-तीन शेतं ओलांडून असेल, तर तो चिखल खाराच असतो.

कोणते पर्याय होते

चार पर्याय वहीत लिहून मी ताईंसमोर ठेवले.

जुनेच बंपर पुन्हा क्रोम करणं हा पहिला. माझ्या माहितीतलं भरवशाचं काम कोल्हापूरला होतं, आंबा घाट चढून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. अंतराचं काही वाटत नव्हतं. पुन्हा मुलामा द्यायचा तर आधीचा सगळा उतरवावा लागतो, गंज घासावा लागतो, भोकं पितळाने भरावी लागतात, मग तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम. आमच्या बंपरचा पत्रा इतका पातळ झाला होता, की घासणीनंतर किती शिल्लक राहील हे सांगायला मुलामेवाला तयार नव्हता. त्याने ते स्पष्ट सांगितलं, हे मला आवडलं.

दुसरा, मुंबईच्या भंगार बाजारातून जुने मूळ बंपर आणणं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या थांबल्या होत्या, म्हणून माल मुबलक असेल असं आम्हाला वाटलं. ओळखीच्या माणसाने कुर्ल्यात दोन दिवस फिरून फोटो पाठवले. टॅक्सीचे बंपर दहा वेळा ठोकून सरळ केलेले, काहींवर रंग फासलेला. तेही पुन्हा क्रोम करावेच लागले असते.

तिसरा, स्टेनलेस स्टीलचे तयार नवे बंपर. मूळ आकाराचे बनवून देणारे कारागीर आहेत. क्रोमच नसल्यामुळे क्रोम सुटायचा प्रश्न नाही. चकाकीत किंचित फरक असतो, स्टेनलेसची झाक जराशी पिवळसर आणि क्रोमची निळसर, पण तो दोन्ही शेजारी ठेवले तरच कळतो.

चौथा ताईंच्या भाच्याने सुचवलेला: जुने बंपर चंदेरी रंगवायचे आणि पुढे जाड पाइपचा गार्ड लावायचा. गार्डला मी तिथेच नाही म्हटलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने असे गार्ड बसवणाऱ्यांवर कारवाई करा असं सगळ्या राज्यांना कळवलं आहे. टक्कर झाली तर तो पाइप समोरच्या चालत्या माणसाचा घात करतो, आणि धक्का न पचवता सरळ गाडीच्या सांगाड्यात उतरवतो.

तिसरा पर्याय ठरला. गणपती ७ सप्टेंबरला होते, हाताशी पाच महिने होते. घाई नव्हती, तरी आम्ही घाई केली. विक्रेत्याने फोटो पाठवले, ताईंना आवडले, मी 'ठीक दिसतायत' म्हटलं आणि पैसे गेले. टोकापासून टोकापर्यंतची लांबी, भोकांमधलं अंतर, टोकांची कमान, यातलं एकही माप मी आधी मागितलं नाही. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती माझी.

माल आला तेव्हा

मेच्या पहिल्या आठवड्यात खोकी आली. दोन बंपर, त्यांच्यावरचे चार छोटे उभे गार्ड (वर नाकारला तो पाइपचा नव्हे), सहा ब्रॅकेट आणि पिशवीभर नट-बोल्ट. पावतीवर 'एसएस ३०४' लिहिलेलं.

चुंबक लावून स्टेनलेस तपासायची पद्धत सर्रास आहे, पण ती इथे कामाची नाही. २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि ३०४ सुद्धा वाकवलेल्या जागी थोडं ओढ खातं. फरक आहे तो निकेलचा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून त्या जागी मॅंगनीज घातलेलं असतं. घरातल्या डब्याला ते चालेल, खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतं.

भंगारवाल्यांकडे तपासणीचं द्रावण असतं. थेंब टाकायचा, बॅटरीची तार टेकवायची आणि रंग बघायचा. लाल झाला तर मॅंगनीजवालं. बंपरच्या आतल्या कडेला थेंब टाकला, लाल झाला नाही. गार्डही तसेच. बोल्टवर टाकला तेव्हा लालभडक. ब्रॅकेट तर स्टेनलेस नव्हतेच, साधं लोखंड चंदेरी रंगवलेलं. विक्रेत्याचं म्हणणं, 'बंपर ३०४ म्हणालो होतो, बोल्ट नाही.' पावती वाचली तर शब्दशः त्याचं खरं होतं.

पहिला पेच: पुढचा बंपर

पुढचा बंपर हाताने धरून लावून बघितला. उजवीकडे मडगार्डपासून फट ११ मिलिमीटर, डावीकडे २५. डाव्या ब्रॅकेटची भोकं अर्ध्याने चुकत होती.

आमच्याकडे अशा वेळी भोक फाइलने लांबवतात. मेस्त्रींनी फाइल हातात घेतलीही होती. चौदा मिलिमीटरचा फरक मला फार वाटला, म्हणून त्यांना थांबवलं. बंपर उलटा करून, म्हणजे डावं टोक उजवीकडे घेऊन, जमिनीवर खडूने त्याची बाह्यरेषा काढली आणि सुलट्या रेषेवर ताडून पाहिली. दोन्ही रेषा एकावर एक बसल्या. बंपर दोन्ही बाजूंना सारखा होता.

मेस्त्री गाडीसमोर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बंपर सरळ हाय. गाडीच तिरकी हाय."

मग ओळंबे, म्हणजे दोरीला टांगलेली वजनं, लावले. गाडी चार स्टँडवर समपातळीत घेऊन दोन्ही बाजूंच्या एकसारख्या, कारखान्यातच पडलेल्या भोकांमधून ओळंबे सोडले, फरशीवर खुणा केल्या आणि कर्ण मोजले. सस्पेन्शनच्या आडव्या तुळईपर्यंत दोन्ही कर्ण जुळत होते. तिच्या पुढचा, बंपरचा ब्रॅकेट जिथे बसतो तो डावा भाग ९ मिलिमीटर मागे आणि थोडा आत गेलेला होता.

ताईंना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग त्यांना आठवलं. त्या शाळेत असताना एका पावसाळी रात्री बाबा वाडीवरून परतत होते, आणि वळणावर गाडी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासली होती. जांभ्याचा गडगा तसाच राहिला, गाडीचा दिवा फुटला. तेव्हाच्या मेकॅनिकने सांगाडा सरळ न करता बंपरच वाकवून गाडीशी जुळवला असणार. चाळीस वर्षं त्या दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. बरोबर मापाचा बंपर आला तेव्हा गाडीचा वाकडेपणा उघडा पडला.

आता निर्णय घ्यायचा होता. पुढचा भाग साखळीने ओढून सरळ करायचा, की ब्रॅकेट वेगळा बनवून फरक भरून काढायचा?

ओढून सरळ करणं शास्त्रशुद्ध, यात वाद नाही. पण या गाडीला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याच्या पेट्या स्पॉट वेल्डने जोडून तिचा सांगाडा झालेला आहे. डाव्या मडगार्डच्या आतल्या शिवणीत गंज फुगलेला दिसत होता. तिथे काही टन जोर लावला असता, तर वाकलेला भाग सरळ होण्याऐवजी शिवण उसवायची भीती होती. दुसरीकडे पुढचे टायर सारखे झिजलेले, गाडी सरळ रेषेत चालणारी, कर्ण तुळईपर्यंत बरोबर. म्हणजे वाकडेपणा चाकांच्या पुढे होता, चालण्याच्या सुरक्षिततेत नव्हता. आम्ही ओढायचं नाही असं ठरवलं. डावा ब्रॅकेट ९ मिलिमीटर लांब बनवायचा, गाडीच्या मूळ भोकांना हात लावायचा नाही. पुढे कधी आतला पत्रा बदलायची वेळ आली आणि सांगाडा सरळ केला, तर उजव्यासारखा दुसरा ब्रॅकेट लावला की काम झालं. ही परत फिरायची वाट खुली राहणं मला महत्त्वाचं वाटलं.

ताईंना मी दोन्ही बाजू समोरासमोर बसून सांगितल्या. त्यांनी एकच विचारलं, "गाडी चालवायला धोका नाही ना?" त्याचं उत्तर मापांच्या आधाराने देता आलं.

दुसरा पेच: मागचा बंपर

पुढच्या अनुभवाने आम्ही मागेही गाडीच तिरकी असेल असं धरून चाललो. ओळंबे लावले, कर्ण मोजले, गाडी मागून बिनचूक सरळ निघाली. बंपर सुलटा-उलटा करून ताडला, तोही दोन्हीकडे सारखा. तरी टोकं गाडीपासून १८ मिलिमीटर बाहेर राहत होती. कमानच चुकीची होती, दोन्ही टोकांना सारखीच चुकीची.

विक्रेत्याला फोटो आणि मापं पाठवली. उत्तर आलं की बसवताना थोडं वाकवावं लागतंच, परत घेणार नाही. वाहतुकीचा खर्च, पाऊस तोंडावर आणि पुढे तक्रार करत बसायची ताईंची इच्छा नाही, म्हणून आम्ही वाकवायचं ठरवलं.

प्लायवूडचा फरमा बनवला. जुन्या मागच्या बंपरवरून थेट काढला नाही, कारण पुढच्याने धडा दिला होता. गाडीच्या मागच्या पत्र्याची कमान आधी उतरवून घेतली, तिच्याबाहेर सारखी फट धरून बंपरची रेषा आखली आणि मग जुन्या बंपरशी ताडली. दोन्ही जुळल्यावरच फरमा कापला.

स्टेनलेस वाकवणं साध्या पत्र्यासारखं नसतं. ते सोडलं की उसळी मारून मागे येतं, आणि जितकं वाकवावं तितकं जास्त कडक होत जातं. लोखंडी गर्डरवर फणसाच्या लाकडाचे ठोकळे बांधून, मध्ये बाटली जॅक ठेवून आम्ही डावं टोक दाबलं. पहिल्या खेपेला मी एकाच जागी जोर देत गेलो. टोक हललं, पण बोल्टच्या भोकापाशी पत्र्याला मुरड पडली. भोक म्हणजे पत्र्यातली कमकुवत जागा, वाकायचं झालं की तो तिथेच वाकतो. हे मला माहीत असायला हवं होतं. ती मुरड काढून पुन्हा बफ करायला दोन दिवस गेले, आणि तिरप्या उन्हात ती अजूनही हलकी दिसते.

दुसऱ्या खेपेला भोकांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे घट्ट बसवून तो भाग बांधून टाकला. मग टोकाकडून मध्याकडे, चार-चार बोटांवर, प्रत्येक जागी थोडंसंच दाबत गेलो. दर वेळी फरमा लावून बघायचा, हव्या मापाच्या जरा पुढे न्यायचं आणि उसळी मारून परत येऊ द्यायचं. उजवं टोक असंच केलं, ते एका दिवसात बसलं. शेवटी दोन्ही टोकांना फरक ४ मिलिमीटर राहिला. तिथे थांबलो. आणखी दाबलं असतं तर चकाकीखाली लाटा उठल्या असत्या.

तपकिरी ठिपके

जूनच्या सुरुवातीला, पहिला पाऊस पडून गेल्यावर, ताई गाडी बघायला आल्या. पुढच्या बंपरवर नव्या कोऱ्या स्टेनलेसवर मिरीएवढे तपकिरी ठिपके. त्यांचा चेहरा उतरला. "हेही खोटंच निघालं का?"

थेंबाची चाचणी पुन्हा केली, बंपर ३०४ च होता. कारण आमच्या गॅरेजमध्येच होतं. बाजूच्या गाडीचा फुटबोर्ड ग्राइंडरने कापला होता आणि त्याच्या ठिणग्या बंपरवर उडाल्या होत्या. ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. तो स्टेनलेसवर चिकटून बसतो, ओल लागली की गंजतो आणि वेळीच काढला नाही तर खालच्या स्टेनलेसलाही खड्डा पाडायला लागतो.

मेस्त्री म्हणाले, कोकमाचं आगळ लावू, तांब्याची भांडी लख्ख निघतात. आंबटपणाचा विचार बरोबर होता. पण आगळात मीठ असतं, आणि स्टेनलेसचा खरा शत्रू मीठच. आम्ही किराणा दुकानातलं लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून कापडाने अर्धा तास लावून ठेवलं, नायलॉनच्या घासणीने चोळलं, पावसाच्या पाण्याने धुतलं, पुसलं. लोखंडी तारेची घासणी मुद्दाम टाळली, तिने पुन्हा लोखंडच मागे सोडलं असतं. ठिपके गेले आणि परत आले नाहीत. त्या दिवसापासून आमच्याकडे स्टेनलेसचं काम वेगळ्या कोपऱ्यात होतं, पडदा टाकून.

ब्रॅकेट आणि बोल्ट

या प्रकरणाचा गाभा मला इथे वाटतो, कारण हे काम कोणाच्या नजरेस पडत नाही.

मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलरचं लोखंडकाम करणारे एक जुने कारागीर आहेत. त्यांना बंपर आणि विक्रेत्याचे लोखंडी ब्रॅकेट दाखवले. त्यांनी ब्रॅकेट बाजूला सारला आणि सांगितलं, की एवढं मोठं स्टेनलेस आणि त्याला चिकटलेलं एवढंसं लोखंड, तर दोन पावसाळ्यांत स्टेनलेस त्या लोखंडाला खाऊन टाकेल. होड्यांच्या बुडाला जस्ताच्या वड्या लावतात त्या याचसाठी, लोखंडाच्या आधी जस्ताने झिजावं म्हणून.

म्हणजे लोखंडी बंपर काढून स्टेनलेसचा घातला, की मागच्या लोखंडी ब्रॅकेटचं आयुष्य कमी होतं. बंपर टिकतो, त्याला धरणारा मोडतो. ही गोष्ट विक्रेत्याने सांगितली नव्हती आणि मीही तोवर नीट विचारात घेतली नव्हती.

दोन मार्ग होते. ब्रॅकेटही स्टेनलेसचे करायचे, किंवा लोखंडाचे करून वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवायचे आणि बंपरपासून अलग ठेवायचे. स्टेनलेसचे केले असते तर तीच जोडी एक पायरी मागे सरकली असती, ब्रॅकेट आणि गाडीचा पत्रा यांच्यात. ब्रॅकेट गंजला तर बदलता येतो, सांगाडा गंजला तर मोठं काम निघतं. म्हणून लोखंडाचे, ५ मिलिमीटर जाडीचे, भोकं आधी पाडून मग जस्तात बुडवलेले ब्रॅकेट ठरले. डावा पुढचा ९ मिलिमीटर लांब, आणि त्यावर छिन्नीने 'डा' कोरून ठेवलं.

बोल्ट बंदरावरच्या दुकानातून ३१६ जातीचे घेतले, ८ मिलिमीटरचे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा बरंच जास्त टिकतं. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर मशीनने भरकन फिरवला की आटे एकमेकांत रुततात आणि नट कायमचा जाम होतो. म्हणून ग्रीस लावून, हाताच्या पान्याने, सावकाश आवळले. बंपर आणि ब्रॅकेटच्या मध्ये जुन्या ट्रकच्या ट्यूबचे रबरी तुकडे दिले. बंपरच्या खालच्या दुमडीत सर्वांत खोल जागी पाणी वाहून जायला दोन भोकं पाडली.

नंबरप्लेटही विसरलो नाही. सुरक्षा नंबरप्लेट ॲल्युमिनियमची असते आणि ती सरळ स्टेनलेसवर आवळली तर ॲल्युमिनियम झिजतं. तिच्या मागे रबराची पट्टी दिली.

परिणाम

गाडी ऑगस्टच्या शेवटी घरी गेली. गणपतीत दारात उभी होती, एवढं ताईंचं मागणं पुरं झालं. एकूण खर्च मात्र तयार बंपरच्या किमतीच्या अडीचपट झाला. त्यातली मागच्या बंपरच्या वाकवण्याची आणि मुरड काढण्याची मजुरी आम्ही लावली नाही.

पावसाळा संपल्यावर तपासणी केली. चकाकी उत्तम, ब्रॅकेट सुस्थितीत. पण पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला चहाच्या डागासारखी फिकट तपकिरी झाक. ताई तर दर आठवड्याला गाडी धुवत होत्या. पाणी कुठलं, विचारलं. घरामागच्या विहिरीचं. मी चाखून बघितलं, मचूळ! उन्हाळ्यात त्या विहिरीत खाऱ्याचा अंश चढतो आणि पावसात पूर्ण जात नाही. ताई बंपरवरचं मीठ धुवायला मिठाचंच पाणी वापरत होत्या. आता पावसाळ्यात पागोळीखाली बादली ठेवतात, एरवी नळाचं पाणी घेतात, आणि धुतल्यावर पुसतात. डाग लिंबूसत्वाने गेले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मागचा बंपर उतरवून बघितला. एका रबरी तुकड्याखाली पाणी कोंडून राहिलं होतं. तिथे स्टेनलेसवर बारीक खड्डे पडायला सुरुवात झाली होती, आणि जस्तही पांढरं पडलं होतं. स्टेनलेसला हवा लागत राहिली तर त्याच्या पृष्ठभागावरचा संरक्षक पापुद्रा आपोआप भरून येतो. ओल्या, बंद फटीत तो भरत नाही. रबर अलग ठेवत होतं हे खरं, पण ओलही धरून ठेवत होतं. सगळे तुकडे काढून कडक नायलॉनचे वायसर आणि बोल्टभोवती नायलॉनचे बुश घातले, म्हणजे मध्ये मोकळी फट राहते आणि वारं फिरतं.

वेगळं काय करता आलं असतं

आधी माप. मालाचे पैसे देण्यापूर्वी गाडीला ओळंबे लावून, कर्ण मोजून, प्लायवूडचा फरमा बनवून तो विक्रेत्याकडे पाठवायला हवा होता. मागच्या बंपरची कमान चुकीची आहे हे त्याच्या कारखान्यातच कळलं असतं आणि वाद घालायला जागाच उरली नसती. एका दिवसाचं काम होतं. आता आमच्याकडे कोणतीही जुनी गाडी बंपरसाठी आली, की आधी फरमा होतो, मग फोन.

पावतीवर प्रत्येक वस्तूची जात वेगळी लिहून घ्यायला हवी होती: बंपर, गार्ड, ब्रॅकेट, बोल्ट.

३०४ घ्यायचा की ३१६ मागायचा, यावर मी अजून विचार करतो. समुद्रापासून इतक्या जवळ ३१६ निश्चित सरस ठरला असता आणि मचूळ पाण्याचे डाग कदाचित आलेच नसते. पण तो तयार मिळत नव्हता, वेगळा करून घ्यावा लागला असता. गाडी घाटावर असती तर हा प्रश्नच नव्हता.

पुढचा सांगाडा न ओढण्याचा निर्णय मी पुन्हाही तोच घेईन. माझे एक गॅरेजवाले मित्र याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते आतली शिवण आधी नवी करून मग ओढायला हवं होतं, आणि वाकड्या गाडीवर सरळ बंपर हे अर्धवट काम आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र त्यासाठी पुढचे दोन्ही मडगार्ड उतरवावे लागले असते, ताईंची तेवढी तयारी नव्हती आणि गाडीला त्याची निकड नव्हती.

जुने बंपर आम्ही भंगारात दिले नाहीत. विंटेज नोंदणीच्या वेळी मूळ भाग दाखवता यावेत म्हणून गंज घासून, तेल चोळून, गोणपाटात गुंडाळून ते ताईंच्या माळ्यावर ठेवले आहेत. पुढच्याला गडग्याचा पोचा आहे तसाच आहे. तो काढू का असं मेस्त्रींनी विचारलं होतं, ताई नको म्हणाल्या.

डाव्या मडगार्डच्या आतला पत्रा आणखी दोन-चार वर्षांत बदलावाच लागेल. तेव्हा तीच मापं पुन्हा घेता यावीत म्हणून ओळंब्यांच्या खुणांवर मी गॅरेजच्या फरशीत चार पितळी खिळे ठोकून ठेवले आहेत.